क्लार्कबाईंची एम.एस.

इलेक्ट्रिकलच्या मुलांना क्लार्क हे नाव नवीन नाही. तीन फेजच्या करंट-व्होल्टेजचं अल्फा, बीटा आणि झीरो असं रूपांतर करणारं ते मॅट्रिक्स, म्हणजे क्लार्क ट्रान्सफॉर्मेशन. त्याच्या मागोमाग पार्क ट्रान्सफॉर्मेशन. ओरलच्या आदल्या रात्री आमच्या विंगमध्ये त्याची घोकंपट्टी चालते. कोणी दोन तृतीयांश विसरतो, कोणी वर्गमूळ तीन भलत्याच ठिकाणी टाकतो, आणि सकाळी एक्स्टर्नल नेमकं तेच विचारतात. एवढं होऊनही हा क्लार्क कोण, हे विचारायला कोणाला फुरसत नसते. यंदा मी मुद्दाम मेसमध्ये दहा-बारा जणांना विचारून पाहिलं. बहुतेकांच्या मते तो कोणी दाढीवाला जर्मन प्रोफेसर असावा.

तर मित्रांनो, क्लार्क हा बुवा नसून बाई आहे. एडिथ क्लार्क. अमेरिकन. जन्म १० फेब्रुवारी १८८३, मृत्यू २९ ऑक्टोबर १९५९. एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.एस. करणारी पहिली स्त्री.

मासिकासाठी मी त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं, त्याला कारण आहे. फायनल इयरच्या मजल्यावर सध्या एकच विषय चालू असतो. प्लेसमेंटमध्ये जे मिळेल ते घ्यायचं, की गेट देऊन एम.टेक. करायचं, की कर्ज काढून बाहेर एम.एस.ला जायचं? रात्री चहाच्या टपरीवर याचे हिशेब मांडले जातात. दोन वर्षांचा पगार बुडणार, कर्जाचा हप्ता इतका, आणि डिग्रीनंतर पॅकेज किती वाढणार. माझ्या घरी शेती आहे. वडिलांचं म्हणणं साधं आहे, की इंजिनिअर तर झालास, आता आणखी दोन वर्षं कशाला? त्यांना देण्यासाठी नीट उत्तर माझ्यापाशी अजून नाही. अशा वेळी क्लार्कबाईंचं चरित्र हाताशी आलं आणि मी ते जरा निराळ्या नजरेने वाचलं. कारण बाईंनी ती डिग्री घेतली, चांगल्या ठिकाणाहून घेतली, आणि त्यानंतर त्यांना इंजिनिअरची नोकरी मिळाली नाही.

पण सुरुवातीपासून सांगतो.

मेरीलँड राज्यातल्या हॉवर्ड काउंटीत एका वकिलाच्या घरी एडिथचा जन्म झाला. नऊ भावंडं. बारा वर्षांची होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले आणि मोठ्या बहिणीने तिला वाढवलं. वाट्याला थोडी वडिलोपार्जित रक्कम आली होती. त्या काळी अशी रक्कम मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवणं स्वाभाविक मानलं गेलं असतं, तिकडेही. एडिथने ती शिक्षणावर घालवली. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार कॉलेजात, जे तेव्हा फक्त मुलींचं होतं, तिने गणित आणि खगोलशास्त्र घेतलं आणि १९०८ साली पदवी मिळवली.

मग तीन वर्षं शिक्षिकेची नोकरी. आधी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका खासगी शाळेत, नंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्शल कॉलेजात. गणित-फिजिक्स शिकवायचं. शिकलेल्या बाईसाठी ठरलेला रस्ता होता तो, आणि बऱ्याच जणी त्यावरच निवृत्त झाल्या. बाईंनी १९११ साली तो सोडला आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात चक्क सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. वय अठ्ठावीस. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप घेतलेला मुलगाही पहिल्या वर्षाला स्वतःला म्हातारा समजतो, म्हणून वय मुद्दाम लिहिलं.

सिव्हिलचं एकच वर्ष झालं. १९१२ च्या उन्हाळ्याच्या सुटीत त्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत कामाला लागल्या आणि तिथेच रमल्या. हुद्दा होता कॉम्प्युटर. आमच्या शेजारच्या विंगमधल्या कॉम्प्युटरवाल्यांनी खूश होऊ नये, तेव्हा कॉम्प्युटर हे माणसाचं नाव होतं. इंजिनिअर समीकरण मांडायचे आणि त्यात आकडे घालून उत्तर काढायचं काम कॉम्प्युटर करायचे. लॉग टेबल, स्लाइड रूल, कागद, पेन्सिल आणि दिवसभर तेच ते. हे काम बहुतेक ठिकाणी मुलींकडेच असायचं, कारण त्या गणितात पक्क्या असत आणि त्यांना पगार कमी द्यावा लागे.

क्लार्कबाईंचे साहेब होते जॉर्ज कॅम्पबेल. लांब टेलिफोन लाइनवर आवाज क्षीण होऊ नये म्हणून लोडिंग कॉइल कशा बसवायच्या, याचं गणित मांडणारे मोठे नाव. टेलिफोनची लाइन असो की विजेची, गणिताचा पाया एकच. लाइनला रेझिस्टन्स, इंडक्टन्स, कपॅसिटन्स असतो आणि तो एका जागी नसून इंचाइंचावर पसरलेला असतो. हा विषय बाईंच्या हाताखालून रोज जात होता. त्या नुसती उत्तरं काढत बसल्या नाहीत. नोकरी सांभाळून संध्याकाळी कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रान्समिशन विभागातल्या महिला कॉम्प्युटरांच्या गटाच्या त्या प्रमुख होत्या.

इथवर कोणी म्हणेल, छान चाललंय की, बढतीही मिळाली. पण ती बढती कॉम्प्युटरांची प्रमुख होण्यापर्यंतच होती. समीकरण मांडणारा वेगळा आणि सोडवणारी वेगळी, ही भिंत तशीच. मला वाटतं, ती ओलांडायची म्हणूनच १९१८ साली त्यांनी सहा वर्षांची नोकरी सोडली आणि एमआयटीत एम.एस.ला नाव घातलं. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या.

त्यांचे गाइड होते आर्थर एडविन केनेली. याबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण आपल्याला सांगायलाच हवी अशी गंमत इथे आहे. केनेलींचा जन्म १८६१ चा आणि जन्मगाव आपलं कुलाबा, मुंबई! ज्या स्टार-डेल्टा रूपांतरावर पहिल्या वर्षी आपण पाच-सहा मार्क मिळवतो, ते १८९९ साली त्यांनीच मांडलं. इम्पीडन्स कॉम्प्लेक्स आकड्यांत लिहायची पद्धत रूढ होण्यातही त्यांचा मोठा हात आहे. शाळा लहानपणीच सोडून ते तार कंपनीत लागले, पुढे काही वर्षं एडिसनच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि शेवटी हार्वर्ड व एमआयटीत प्रोफेसर झाले. म्हणजे स्वतः कुठल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात न शिकलेला माणूस क्लार्कबाईंच्या एम.एस.चा गाइड होता. लांब लाइनची गणितं हायपरबोलिक फंक्शन वापरून कशी करायची, यावर त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई.

थीसिसचा विषय ऐकायला विनोदी आहे. कृत्रिम ट्रान्समिशन लाइन, तीही गाठीगाठींची, फ्रीक्वेन्सी वाढवत नेली तर कशी वागते? पण पॉवर सिस्टिम लॅबमध्ये ट्रान्समिशन लाइनचं मॉडेल ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. शेकडो किलोमीटरची लाइन लॅबमध्ये आणता येत नाही. म्हणून आपण इंडक्टर आणि कपॅसिटर जोडून पाय-सेक्शन बनवतो, असे काही सेक्शन एकापुढे एक लावतो आणि त्याला लाइन म्हणतो. खऱ्या लाइनमध्ये सगळं सलग पसरलेलं, इथे मात्र गाठी मारल्यासारखं. पन्नास सायकलला हे सोंग बेमालूम वठतं. फ्रीक्वेन्सी वाढवत गेलं, की कुठेतरी सोंग उघडं पडतं आणि मॉडेल खऱ्या लाइनसारखं वागेनासं होतं. नक्कल असलच्या किती जवळची, हा प्रश्न मला तरी आजच्या सिम्युलेशनवाल्यांनीही स्वतःला विचारावा असा वाटतो.

१९१९ साली एम.एस. मिळाली. अमेरिकेतल्या सगळ्या बायकांना मतदानाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती अजून व्हायची होती, ती १९२० ची.

आता नोकरी. हातात एमआयटीची पदवी, पाठीशी सहा वर्षांचा अनुभव, गाइड एवढा नामांकित. तरी इंजिनिअर म्हणून घ्यायला कोणी तयार होईना. बाई इंजिनिअर ही जागाच नव्हती. शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीत जनरल इलेक्ट्रिकने त्यांना घेतलं ते टर्बाइन विभागात, कॉम्प्युटरांच्या प्रमुख म्हणून. टर्बाइनच्या रोटरमधल्या यांत्रिक ताणांची गणितं करणाऱ्या मुलींवर देखरेख. म्हणजे एम.एस.च्या आधी जे काम होतं, तेच नंतर. वर विषय इलेक्ट्रिकलचाही नाही. आपल्या टपरीवरच्या हिशेबाने पाहिलं तर गुंतवणूक पूर्ण बुडाली.

मी वाचताना इथे बराच वेळ थांबलो. डिग्रीने काय दिलं, असं या टप्प्यावर कोणी विचारलं असतं, तर उत्तर काहीच नाही असं द्यावं लागलं असतं. पण मग त्यांच्या फावल्या वेळाकडे लक्ष गेलं.

फावल्या वेळात त्या एक उपकरण तयार करत होत्या. लांब लाइनचं समीकरण आठवा. सेंडिंग एंडचं व्होल्टेज काढायचं तर रिसीव्हिंग एंडचं व्होल्टेज गुणिले कॉश गॅमा एल, अधिक करंट गुणिले कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्स गुणिले साइन-एच गॅमा एल. गॅमा कॉम्प्लेक्स. आपण कॅल्क्युलेटरवर ते करताना दोनदा चुकतो, त्यांच्या हाती तर नुसते तक्ते आणि स्लाइड रूल. एका लाइनची एक स्थिती काढायला कितीतरी वेळ लागे, आणि लोड बदलला की पुन्हा पहिल्यापासून. क्लार्कबाईंनी या सगळ्याचा एक आलेख बनवला, त्यावर फिरणारी पट्टी बसवली. पट्टी फिरवायची, रेघ जुळवायची, उत्तर वाचायचं. हायपरबोलिक फंक्शनला हात न लावता. हे काम जुन्या पद्धतीच्या दहापट वेगाने होई असं सांगतात. १९२१ साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला आणि १९२५ साली पेटंट मिळालं, नंबर १५५२११३.

हे उपकरण कोण बनवू शकलं असतं? ज्याने वर्षानुवर्षं ती गणितं हाताने केली आहेत आणि ती कुठे किचकट होतात ते बोटांना माहीत आहे, असा कॉम्प्युटर. आणि ज्याने केनेलींकडे बसून ती फंक्शन मुळापासून समजून घेतली आहेत, असा इंजिनिअर. दोन्ही एकाच माणसात असणं दुर्मिळ. एमआयटीतलं ते वर्ष वाया गेलं नव्हतं, ते असं बाहेर येत होतं, फक्त पगाराच्या स्लिपवर दिसत नव्हतं.

त्याच १९२१ साली बाईंनी नोकरी सोडली. पुरुष इंजिनिअरपेक्षा कमी पगार, इलेक्ट्रिकलचं काम नाही, इंजिनिअर म्हणून मान्यता नाही. सोडून गेल्या त्या थेट तुर्कस्तानात! कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, विमेन्स कॉलेजात फिजिक्स शिकवायला. शहर तेव्हा महायुद्धातल्या विजेत्या राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यात होतं आणि जुनं ऑटोमन साम्राज्य शेवटचे दिवस मोजत होतं. अशा जागी अडतिसाव्या वर्षी एकटीने जायचं, म्हणजे बाईंची छाती मोठीच म्हणायला हवी.

वर्षभराने, १९२२ मध्ये, त्या परत आल्या आणि जनरल इलेक्ट्रिकने त्यांना पुन्हा घेतलं. या वेळी सेंट्रल स्टेशन इंजिनिअरिंग विभागात, पगारी इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून. अमेरिकेत नोकरीला असलेली पहिली व्यावसायिक महिला इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. व्हॅसारच्या पदवीपासून चौदा वर्षं झाली होती आणि एम.एस.पासून तीन.

यानंतरचा काळ भराभर सांगता येईल असा आहे, कारण तिथून पुढे त्या तेवीस वर्षं एकाच ठिकाणी मन लावून काम करत राहिल्या. विजेच्या लाइन लांब होत होत्या, लोड वाढत होता. लाइनमधून किती पॉवर नेली की दोन टोकांची मशिन्स एकमेकांपासून सुटतात, म्हणजे स्टेबिलिटीचा प्रश्न, हा तेव्हा नवा आणि पैशाचा प्रश्न होता. त्यावरचा पेपर फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी एआयईईच्या वार्षिक सभेत वाचला. एआयईई म्हणजे आजच्या आयईईईच्या दोन पूर्वज संस्थांपैकी एक. त्या व्यासपीठावर पेपर वाचणारी ही पहिली बाई. पुढे १९३२ आणि १९४१ साली त्यांच्या पेपरांना बक्षिसं मिळाली. १९४१ चा पेपर क्रॅरी या सहकाऱ्याबरोबरचा, लांब एसी लाइनच्या स्टेबिलिटीच्या मर्यादांवरचा.

आणि आता आपलं मॅट्रिक्स. १९१८ साली फोर्टेस्क्यूने सिमेट्रिकल कंपोनंट मांडले होते. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, झीरो सीक्वेन्स. पद्धत देखणी, पण त्यात तो ए ऑपरेटर येतो, एकशे वीस अंशांचा, आणि सगळे गुणक कॉम्प्लेक्स होऊन बसतात. क्लार्कबाईंनी तीन फेज दोन काटकोनी अक्षांवर आणि एका झीरोवर मांडले. गुणक सगळे साधे: एक, अर्धा, वर्गमूळ तीन भागिले दोन. कॉम्प्लेक्स आकडा नाही. हे कागदावर आकडे घालणाऱ्यासाठी केवढं सुख आहे, ते ज्याने हाताने आकडे घातले त्यालाच कळेल. म्हणून मला या मॅट्रिक्समध्ये एमआयटीइतकाच तो जुना कॉम्प्युटरचा हुद्दाही दिसतो. पार्क ट्रान्सफॉर्मेशनवाले पार्कही जनरल इलेक्ट्रिकमध्येच होते, त्यांचा पेपर १९२९ चा. आज व्हेक्टर कंट्रोलवर चालणाऱ्या कुठल्याही थ्री-फेज मोटरच्या ड्राइव्हमध्ये, इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा, प्रोसेसर सेकंदाला हजारो वेळा आधी क्लार्क आणि मग पार्क करत असतो. म्हणजे क्रम पक्का झाला, ओरलवाल्यांनी लिहून ठेवा.

कंपनीत त्या नव्या इंजिनिअरांना शिकवायच्या. त्या नोट्समधून पुस्तक झालं, एसी पॉवर सिस्टिमच्या सर्किट अॅनालिसिसवरचं. पहिला भाग १९४३, दुसरा १९५०. वर्षानुवर्षं ते अमेरिकेत पॉवरवाल्यांचं पाठ्यपुस्तक होतं. ज्या बाईला इंजिनिअर म्हणायला तयार नव्हते, तिच्या पुस्तकावर इंजिनिअर तयार होऊ लागले.

वडिलांशी पुन्हा बोलणं झालं तेव्हा मी त्यांना यातला बराचसा भाग सांगितला. डिग्रीने पगार वाढतो, असं म्हणायला हे उदाहरण उपयोगाचं नाही, हे त्यांच्याही लगेच लक्षात आलं. त्यांनी उलट विचारलं, की मग तुला नेमकं काय शिकायचंय? क्लार्कबाईंना १९१८ साली ते ठाऊक होतं. सहा वर्षं जी लाइन त्या आकड्यांत पाहत होत्या, ती त्यांना मुळातून समजून घ्यायची होती. आमच्या मजल्यावर फॉर्म भरणाऱ्या कितीजणांना असं एका वाक्यात सांगता येईल? मी दोन रात्री कागद घेऊन बसलो. पॉवर सिस्टिम प्रोटेक्शन एवढे शब्द लिहून झालेत, पुढचं वाक्य अजून व्हायचंय. गेटचा फॉर्म मात्र भरला आहे.

१९४५ मध्ये क्लार्कबाई जनरल इलेक्ट्रिकमधून निवृत्त झाल्या आणि मेरीलँडला परत गेल्या. पण बसून राहणं काही जमलं नाही. १९४७ साली, चौसष्टाव्या वर्षी, टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या प्रोफेसर म्हणून रुजू झाल्या. या विषयाची प्राध्यापक झालेली ती अमेरिकेतली पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, एआयईईने त्यांना फेलो केलं, तोपर्यंत कोणीही बाई फेलो झाली नव्हती. १९५४ मध्ये सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्सचा अचीव्हमेंट अवॉर्ड मिळाला. ऑस्टिनला जवळपास दहा वर्षं शिकवून त्या घरी परतल्या आणि दोन-तीन वर्षांतच गेल्या.

२०१५ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं. ते लागलं १९२१ च्या त्या आलेखावरच्या कॅल्क्युलेटरसाठी, जो त्यांनी कॉम्प्युटरांच्या प्रमुख असताना, ऑफिस सुटल्यावर बनवला होता.